हलकेबाबांनी नेलेले सहा किलो

शिवदासशेठ वजनाने शहाण्णव किलो. बर्फाचा कारखाना त्यांचाच, त्यामुळे वजनकाटाही घरचाच. आकड्याबद्दल शंका नको. तर हे शहाण्णव किलो त्या रविवारी सकाळी आमच्या कोळीवाड्याच्या मैदानात चार बायकांनी नुसत्या बोटांवर उचलले. शेठ प्लास्टिकच्या खुर्चीवरून चांगले दीड फूट वर गेले, वरच्या वर डोळे मिटून "देवा!" म्हणाले आणि परत खुर्चीत उतरले. खुर्ची करकरली. चारशे माणसांचा जो गलका उठला, त्याने वाळत घातलेल्या बोंबलांवर टपलेले कावळेसुद्धा उडून गेले.

"पाहिलंत?" मंचावरून लघिमानंद महाराज गरजले. "अष्टसिद्धींतली ही लघिमा! देह म्हणजे काय? भार! भार म्हणजे काय? कर्म! आणि कर्माचे प्रकार किती? तीन! संचित, प्रारब्ध आणि चरबी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढं लांबलचक नाव कोण घेणार म्हणून गावाने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव हलकेबाबा करून टाकलं होतं. बाबा स्वतः काही हलके नव्हते. भगव्या कफनीच्या आत एक ऐसपैस पोट होतं, आणि मंचाच्या तीन पायऱ्या चढताना दोन शिष्य त्यांना दोन्हीकडून धरत. ते भक्तिभावाने धरतात, असा सगळ्यांचा समज होता.

चमत्काराची पद्धत अशी. आधी बाबांनी चार बायकांना शेठच्या चारी बाजूंना उभं केलं. दोघींनी काखेत आणि दोघींनी गुडघ्यांखाली जोडलेली बोटं घालायची. बाबा बोलता बोलता मध्येच ओरडले, "उचला!" एकीने जोर लावला, दुसरी हसत होती, तिसरीला ऐकूच आलं नाही. शेठ हलले नाहीत, नुसते एका अंगाला कलले. मग बाबांनी चौघींना शेठच्या डोक्यावर हातावर हात ठेवायला लावले. ऊर्जावलय तयार होऊ दिलं. मंत्र म्हटला. "एक... दोन... लघिमा!" आणि शेठ वर.

मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. कुठलीही जड वस्तू वर जाताना दिसली की मी आधी खाली जॅक आहे का ते बघतो. गर्दी पांगल्यावर खुर्ची उलटी करून पाहिली. ना सळई, ना स्प्रिंग. चौघींमध्ये आमची शेजारीण केसरकाकू होती; ती काही बाबांच्या कटातली असणं शक्यच नव्हतं, कारण तिच्या पोटात बातमी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही.

"काकू, खरंच हलके लागले शेठ?"

"आयशप्पथ! कापसासारका रं!"

मी ओशाळून घरी आलो. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती निर्णय घेऊन बसली होती.

माझी आई सखुबाई, वय अडुसष्ट. ऐन उमेदीत ती मासळीने भरलेली पाटी डोक्यावर घेऊन पाच-पाच वाड्या फिरायची. सहा वर्षांपूर्वी मी तिला म्हटलं, "आता बास. तू फक्त बस." ती बसली. अंगाने छान भरली. येणारे-जाणारे म्हणायचे, "सखुबाय, लेकाने चांगली ठेवलीय गो तुला!" मलाही त्याचा अभिमान होता. पण गेल्या वर्षापासून तिला पाटावर बसलं की उठता येईना. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना. न्हाणीच्या उंबऱ्याशी ती दोनदा धडपडली. अंग भरलेलं आणि ताकद मात्र कुठे गेली कळत नाही, म्हटल्यावर वाड्यात निष्कर्ष निघाला: कुणीतरी शोषून घेतली. कुणाची तरी नजर. बाबांनी तिला पाहताक्षणी हेच सांगितलं, आधी संस्कृतात आणि मग मराठीत.

"माय, तुझ्यावर परक्या माणसाचा भार चढलाय. एकवीस दिवस भारव्रत कर. उतरेल."

व्रत सोपं होतं. दुपारी एकदा तांदळाची पेज. मासे, अंडी, डाळ वर्ज्य, कारण ते 'जड अन्न'. सकाळी लघिमाचूर्णाची एक पुडी. आणि दिवसभर आडवं पडून राहायचं, कारण भार सुटत असताना देह हलवला तर तो परत चिकटतो!

"आई, मासे सोडायचे? तू?" मी म्हणालो. "आपल्या सात पिढ्यांत असं कुणी केलं नाही."

"गप रं! तुना इंजिनातला कळतो. मानसातला काय कळतो?"

"अगं, पण डॉक्टरला तरी..."

"शेठ वर गेला का न्हाय? डोल्यांनी बगितलास का न्हाय?"

बघितलं होतं. तिथेच माझी बोलती बंद व्हायची.

आठव्या दिवशी मैदानात शेठच्या काट्यावर सगळ्या व्रतकऱ्यांची वजनं झाली. आई चौऱ्याहत्तर किलोची होती, ती एकाहत्तर भरली. बाबांच्या शिष्याने माइकवर आकडा पुकारला, लोकांनी 'लघिमानंद महाराज की जय' केली. आई काट्यावरून उतरताना थोडी झोकांडली, तेव्हा बाबा म्हणाले, "बघा, बघा! तरंगू लागली!"

आता मात्र मी चोर पकडलाच असं मला वाटलं. काट्यात गडबड आहे! दुसऱ्या दिवशी शेठची परवानगी काढून मी काटा उघडला, साफ केला, पुन्हा बसवला. वीस किलोचं प्रमाणित वजन ठेवलं, वीस दाखवलं. दोन ठेवली, चाळीस. स्वतः उभा राहिलो, तर माझेही जितके असतात तितकेच. काटा अगदी सरळ होता.

"काय परेश, सापडला का बाबांचा घोटाळा?" शेठने विचारलं. कारखान्यातली माणसं हसली. संध्याकाळपर्यंत वाड्यात सगळ्यांना कळलं होतं, की इंजिनवाल्या परेशने काट्याचीसुद्धा परीक्षा घेतली आणि बाबा त्यात पास झाले. म्हणजे मी बाबांची फुकट जाहिरात करून आलो होतो.

पंधराव्या दिवशी आई अडुसष्ट किलो झाली. बाबांनी जाहीर केलं, की एकविसाव्या दिवशी भारमुक्ती सोहळ्यात सखुबाईचा सत्कार होईल. आई खूश होती, पण तिचा चेहरा सुकलेल्या वाकटी मासळीसारखा दिसत होता. दिवसातून दहा-बारा वेळा लघवीला जायची. पायात गोळे यायचे. मी चूर्णाबद्दल काही बोललो की म्हणायची, "पाप भायेर पडतंय."

सतराव्या दिवशी सकाळी ते पाप तिला घेऊनच पडलं. मी धक्क्यावर एका होडीच्या पंपात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. केसरकाकूचा फोन आला: "परेश, ये. तुजी आय पडली."

आई न्हाणीबाहेर पडली होती, ती तिथेच बसून होती. हाड मोडलेलं नव्हतं, पण तिला उठता येत नव्हतं. पाय नुसते ओल्या जाळ्यासारखे पसरले होते. केसरकाकू आणि आणखी तिघी शेजारणी तिच्याभोवती होत्या. एक हाताला ओढत होती, एक कमरेला, एक ओरडत होती, "अगो, दमानं!" आई जागची हलेना. शेवटी केसरकाकू खेकसली, "थांबा गो सगल्या! अशी न्हाय उटायची. एकदम! एक... दोन... हैशा!"

आणि आई वर आली. सहज. रिक्षात बसली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर नेत्रा होत्या. तिशीतल्या, बोलायला तिखट. मी त्यांना व्रताचं आणि काट्यावरच्या आकड्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी रक्तदाब घेतला, रक्त तपासायला पाठवलं, सलाईन लावलं. मग टेप आणला आणि आईची पोटरी मोजली.

"एकोणतीस सेंटिमीटर. आजी, या वयाच्या बाईची निदान तेहतीस तरी हवी." मग कंबर मोजली. "एकशे दोन. आधी किती होती?"

"परकर त्योच हाय," आई म्हणाली. "तसाच तंग बसतो."

"म्हणजे सहा किलो गेले, पण पोट जागच्या जागी. मग गेलं काय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"आजी, तुम्ही मासळी विकायचात ना? खोक्यात मासळी आणि बर्फ असतो. काट्यावर चाळीस किलो. त्यात मासळी किती आणि बर्फ किती, काटा सांगतो?"

"काटा कसा सांगंल? खोका उगडून बगाया लागतो. लबाड असला तर वर चार सुरमया ठेवतो आनि खाली सगला बरफ."

"तसंच अंगाचं. तुमची मासळी म्हणजे स्नायू. मांडी, पोटरी, दंड. बर्फ म्हणजे चरबी. वय वाढलं, हालचाल थांबली, की मासळी हळूहळू कमी होते आणि तिच्या जागी बर्फ भरतो. खोका भरलेलाच दिसतो. लोक म्हणतात, काय तब्येत आहे! पण उचलायला, उठायला, तोल सावरायला लागते ती मासळी. तुमच्या बाबांनी काय केलं? मासे-डाळ बंद, म्हणजे नवी मासळी येणार नाही. झोपवून ठेवलं, म्हणजे होती ती पण गेली. आणि ही पुडी..." त्यांनी मी आणलेली पुडी हुंगली. "ओवा, सुंठ, आणि माझी शंका खरी असेल तर पाण्याची गोळी कुटून. सूज उतरवायला देतो ती. ही मी तपासायला पाठवते. त्याने अंगातलं पाणी आणि क्षार गेले. काटा खरंच बोलत होता. पाणी गेलं, मासळी गेली. बर्फ तसाच."

मला एकदम हायसं वाटलं. "म्हणजे मी बरोबर होतो. तो बाबा..."

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "सतरा दिवसांत पोटरी एवढी झिजत नाही. बाबा आले ते शेवटी. त्याआधी सहा वर्षं आजी काय करत होत्या?"

"काही नाही. मी तिला काही करूच दिलं नाही."

बोलून गेलो आणि मग एकेक आठवायला लागलं. पाणी भरायला बाई. भाजी दारात. जिने चढायला नको म्हणून खालची खोली. टीव्हीसमोर मऊ सोफा, आणि चहाबरोबर खारी, बटर, बिस्किटं. "तू फक्त बस." मी आईची सेवा करत होतो. इंजिन सहा वर्षं बंद ठेवलं तर गंजतं हे मला कळतं. त्यासाठी मी गिऱ्हाइकांना शिव्या घालतो.

"आयची सेवा करनारा बाबा आनि भार उतरवनारा बाबा," आई डोळे मिटून म्हणाली, "दोगं बी मना झोपवाया निगाले." मग तिने एकदम डोळे उघडले. "परेश."

"काय?"

"आज मना पन चौगींनी उचलला."

"हो."

"पयल्यांदा न्हाय उटले. मग केसरने हैशा केला तवा उटले." ती सलाईनची नळी विसरून उठू पाहत होती. "मंतर कोन बोलला व्हता रं?"

डॉक्टर हसायला लागल्या. मी मनातल्या मनात भागाकार केला. शहाण्णव भागिले चार, चोवीस. चोवीस किलो! केसरकाकू रोज सकाळी त्याच्याहून भरलेली पाटी डोक्यावर चढवते. वाळूतून होडी वर ओढताना वीस माणसं एकेकटी ओढत राहिली तर दुपार होईल; एका आवाजावर ओढली तर ती येते. जन्मभर ज्यांनी हैशा केलं, त्यांनाच बाबाने हैशा विकला होता. मी खुर्चीखाली जॅक शोधत होतो, आणि जॅक होत्या त्या चौघी बायका.

एकविसाव्या दिवशी मैदान भरलं. चूर्ण घेणाऱ्यांची रांग लागली होती. आईला सलाईन लागल्याचं बाबांनी 'भार जाताना झटका देतो' असं सांगून निपटलं होतं. आईला आम्ही खुर्चीत बसवून नेलं; डॉक्टर नेत्राही बरोबर आल्या होत्या. तीन-चार दिवस अंडी, वरण आणि मासे पोटात गेल्याने तिचा आवाज परत आला होता, आणि आईचा आवाज म्हणजे बाजाराच्या या टोकापासून त्या टोकाला भाव सांगणारा.

शिष्याने माइक पुढे केला. "सखुबाय, सांगा, किती हलकं वाटतंय?"

"सांगते. आदी मना एकदा बाबांना उचलायचा हाय."

लोक हसले. बाबांनीही मोठेपणाने हसून घेतलं. "माय, भक्तीने देव उचलला जातो. पण मंत्र..."

"मंतर हाय माज्याकडं. केसर! या गो चौगी!"

बाबा नको नको म्हणत असताना चौघी मंचावर चढल्या. बाबा खुर्चीत होतेच. उठून जायचं तर धरायला शिष्य हवे होते, आणि शिष्य बायकांच्या मागे अडकले होते. चौघींनी बोटं घातली. आईने माइक तोंडाला लावला.

"बोंबील... पापलेट... हैशा!"

बाबा वर गेले. त्यांच्या तोंडून "अगं बाई!" असा शब्द निघाला, जो अष्टसिद्धींत बसत नाही. चौघींनी त्यांना खाली ठेवलं. आईने पुन्हा सांगितलं, "कोलंबी... सुरमय... हैशा!" बाबा पुन्हा वर. तिसऱ्यांदा तर मैदानच ओरडलं. शिवदासशेठ पुढच्या रांगेत लाल झाले होते. माणसाला आपण सिद्धीने तरंगलो असं वाटत असतं आणि नंतर कळतं की केसरकाकूने उचललं.

"माझ्या शक्तीचा अपमान..." बाबा कफनी सावरत म्हणाले.

"शक्ती व्हय? बरा," आई म्हणाली. "डॉक्टरीनबायने मना एक परीक्षा सांगितली. हाताची घडी छातीवर. खुर्चीतून पाच येला उटायचा, बसायचा. मना एक पन जमला न्हाय. तुमी करा. तुमच्याकडं लघिमा हाय."

चारशे माणसं बघत होती. बाबांनी हाताची घडी घातली. एकदा उठले, झटका देऊन. दुसऱ्यांदा अर्ध्यावर थरथरले. तिसऱ्यांदा कफनी गुडघ्यांवर गेली आणि त्या ऐसपैस पोटाखालच्या दोन पोटऱ्या गावाला पहिल्यांदा दिसल्या. बारीक, पांढऱ्या, काठ्यांसारख्या. बाबा धपकन बसले ते बसलेच. कुणी हसलं नाही. तो माणूस आईसारखाच होता: वर भरलेला, खाली रिकामा.

डॉक्टर नेत्रा पुढे आल्या. मला वाटलं, आता त्या त्याला सोलून काढतील.

"महाराज," त्या म्हणाल्या, "चूर्णाचा तपास होईल, त्याचं उत्तर तुम्हाला पोलिसांना द्यावं लागेल. ते वेगळं. पण पायांचं काहीतरी करा. सोमवारी दवाखान्यात या. केस पेपर काढून मिळेल."

बाबा सोमवारी आले नाहीत. ते रविवारीच गेले. माणगावच्या पलीकडे पोलिसांना सापडले. पुड्यांमध्ये पाण्याची गोळी निघाली. जादूटोण्याविरुद्धच्या कायद्याखाली आणि औषधांच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला.

खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी आईला शिकवलं: खुर्चीला धरून उठ-बस, भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, पाण्याची बाटली हातात घेऊन दंड वर-खाली. रोज अंडं किंवा मासा, दोन्ही वेळा वरण. खारी-बटर बंद. पहिला महिना आई मला शिव्या देत व्यायाम करायची. दुसऱ्या महिन्यात वाड्यातल्या आणखी सहाजणी यायला लागल्या. चार महिन्यांनी वजन केलं: सत्तर.

"अगो, वाडला की!" एक शेजारीण हळहळली.

"वाडंना का! पोटरी बग माजी," आई म्हणाली.

मंडळी, मी काही मोठा शिकलेला माणूस नाही. पण एवढं सांगतो. डोळ्यांना दिसलं म्हणून ते खरं, असं नाही. आणि काटा खरं बोलला म्हणून काट्याचा अर्थ लावणारा खरं बोलतो, असंही नाही. मी दोनदा चुकीच्या जागी शोधलं, म्हणून बाबा खरा ठरला नाही. उत्तर सापडेपर्यंत 'मला माहीत नाही' म्हणायला लाज वाटू नये. मंत्राने जे होतं ते मंत्राशिवाय करून बघा. तसंच झालं, तर मंत्र फेकून द्या. आणि घरातलं म्हातारं माणूस खुर्चीतून उठताना हात टेकायला लागलं, तर नजर उतरवत बसू नका, आणि 'वयच झालं' म्हणून त्याला सोफ्यावर बसवूनही ठेवू नका. दवाखान्यात न्या. चालवा. वरण वाढा. माझ्यासारखी माया करू नका.

परवा आई रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला गेली, माहीमच्या बहिणीकडे. ओहोटी होती. लाँच खाली, पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या. खलाशाने तिच्यासाठी हात पुढे केला. आईने त्याच्या हातात सुक्या मासळीची पिशवी दिली, कठडा धरला आणि एकेक पायरी उतरत लाँचमध्ये गेली. मी वर धक्क्यावरच उभा होतो. तिने मला खाली येऊच दिलं नव्हतं.